मोडक्या चाकांवर अर्धं जग ओलांडणारी अ‍ॅमी जॉन्सन

मोरव्याची धावपट्टी चंद्रपूर भागातल्या लोकांना माहीत आहे. गडचिरोलीकडं तर निवडणूक आली की मतदान पथकं घेऊन हेलिकॉप्टर येतं आणि अख्खं गाव माना वर करून बघत बसतं. वर उडणाऱ्या यंत्राचं आपल्याला कौतुक असतं. पण ज्यांचा तो धंदा आहे त्यांना विचाराल तर खरी परीक्षा खाली येतानाच असते. त्यातही चाक मोडलं असेल, चाकाचा दांडा वाकला असेल, तर मग वैमानिकाच्या डोक्याची आणि हाताची दोन्हीची परीक्षा.

इंग्लंडच्या अ‍ॅमी जॉन्सनचं आयुष्य या परीक्षेतच गेलं. ५ जानेवारी १९४१ ला ती वारली. त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी तिनं एकटीनं लंडनपासून ऑस्ट्रेलियापर्यंत विमान नेलं होतं आणि जगभर तिचं नाव झालं होतं. आपल्याकडं हे नाव फारसं कुणी घेत नाही. पण झाशी, अलाहाबाद, कलकत्ता ही गावं तिच्या वाटेवर होती, आणि आपला चांदा जिल्हा ज्या मध्यप्रांतात होता त्या प्रांतातही ती एकदा अचानक उतरली होती. ती गोष्ट पुढं येईलच.

मासळी व्यापाऱ्याची पोर

अ‍ॅमीचा जन्म १ जुलै १९०३ चा, इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावचा. बाप मासळीचा व्यापारी. चार बहिणींत ही थोरली. शेफील्डच्या विद्यापीठात तिनं अर्थशास्त्र घेऊन पदवी केली आणि लंडनला एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग आणि पत्रव्यवहाराच्या नोकरीला लागली. विमानाशी घरात कुणाचा संबंध नव्हता. १९२८ मध्ये लंडनजवळच्या स्टॅग लेन इथल्या फ्लाइंग क्लबात ती शिकायला गेली आणि तिथलीच होऊन गेली.

शिकताना ती काही फार हुशार विद्यार्थिनी ठरली नाही. विमान जमिनीला टेकवायचं काम तिला सुरुवातीला जड गेलं. एकटीनं उडायची परवानगी मिळायला तिला इतरांपेक्षा जास्त तास लागले. जुलै १९२९ मध्ये तिला वैमानिकाचं लायसन मिळालं.

पण तिनं आणखी एक काम केलं, आणि माझ्या मते तिच्या पुढच्या आयुष्याचं गमक तिथंच आहे. क्लबातले बाकीचे हौशी लोक उडून आले की विमान मेकॅनिकच्या हवाली करून चहा प्यायला जायचे. ही ऑफिसच्या आधी आणि नंतर हँगरमध्ये जाऊन बसायची. इंजिन खोलायचं, व्हॉल्व्ह घासायचे, पंखाचं कापड शिवायचं, तारा ताणायच्या, असं सगळं तिनं तिथल्या मेकॅनिक लोकांच्या हाताखाली शिकून घेतलं. १९२९ संपता संपता तिला सरकारी ग्राउंड इंजिनिअरचं लायसन मिळालं. असं लायसन मिळवणारी ती ब्रिटनमधली पहिली बाई.

आपल्याकडं ट्रॅक्टर चालवणारे दहा असतात, पण बांधीत चिखलात बंद पडल्यावर उघडून बघणारा एखादाच असतो. तसंच समजा.

जेसन

ऑस्ट्रेलियाला जायचं तिनं ठरवलं तेव्हा तिचा सगळ्यात लांबचा प्रवास लंडन ते हल एवढाच होता. हवेतला एकूण अनुभव शंभर तासांच्याही आत. पैसे बापानं दिले आणि तेलाचा धंदा करणारे लॉर्ड वेकफील्ड यांनी दिले. त्यातून ६०० पौंडांना एक जुनं, आधी वापरलेलं जिप्सी मॉथ विमान घेतलं. बापाच्या धंद्याच्या मार्क्यावरून त्याचं नाव ठेवलं जेसन.

हे विमान म्हणजे काय होतं ते नीट डोळ्यापुढं आणा. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, वर-खाली दोन पंख. इंजिन शंभर हॉर्सपॉवरचं, म्हणजे आपल्या गावातल्या दोन ट्रॅक्टरएवढं. डोक्यावर छप्पर नाही, रेडिओ नाही. पुढं दोन चाकं आणि शेपटीखाली घासत जाणारी एक दांडी. चाकांना ब्रेक नाहीत. म्हणजे एकदा टेकलं की ते आपणहून थांबेल तिथंच थांबणार. समोर नाला आला तर नाल्यात.

५ मे १९३० ला सकाळी ती लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून निघाली. त्याच दिवशी मध्यरात्रीनंतर इकडं दांडीजवळ कराडीला गांधीजींना मिठाच्या सत्याग्रहात अटक झाली होती. आपल्या देशाचं लक्ष तेव्हा कुठं होतं हे सांगायला नको. योगायोग बघा, त्याच दिवसांत मुंबईचे जेआरडी टाटा आणि अस्पी इंजिनीअर हे दोन तरुणही अशीच लहान विमानं घेऊन हिंदुस्थान आणि इंग्लंडच्या दरम्यान एकट्यानं उडत होते. ती आगाखानांच्या बक्षिसाची शर्यत होती आणि ती अस्पींनी जिंकली. पुढं ते आपल्या हवाई दलाचे प्रमुख झाले.

व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो असं करत अ‍ॅमी बगदादकडं निघाली तर वाळूच्या वादळात सापडली. काही दिसेना. कसंबसं वाळवंटात विमान टेकवलं. वारा ते उलटं करेल म्हणून सामानाच्या पेट्या काढून चाकांना लावल्या आणि वादळ संपेपर्यंत शेजारी बसून राहिली. १० मे ला ती कराचीला पोचली. लंडनहून सहा दिवसांत हिंदुस्थान. त्याआधी एकट्यानं इतक्या लवकर कुणी आलं नव्हतं. तिथंपर्यंत ती फक्त एक धाडशी पोरगी होती, कराचीनंतर वर्तमानपत्रं रोज तिचं नाव छापू लागली.

पुढं अलाहाबाद गाठायचं होतं. पेट्रोल पुरेना. खाली झाशी दिसली. झाशी म्हटलं की आपल्याला राणी लक्ष्मीबाई आठवते, तांब्यांच्या घरची लेक. त्या झाशीच्या लष्करी छावणीतल्या कवायतीच्या मैदानावर हिनं विमान उतरवलं. मैदान लहान, ब्रेक नाहीत. विमान धावत धावत बराकीपर्यंत गेलं आणि अडकलं. एक पंख फाटला. मे महिन्यातलं झाशीचं ऊन तुम्हाला सांगायची गरज नाही. गावातल्या सुताराला बोलावून पंखाचं लाकूड जोडून घेतलं आणि ती पुढं निघाली. त्या सुताराला विमान म्हणजे काय ते कुणी शिकवलं नव्हतं. बंडीचं चाक करणाऱ्याला लाकडाचा जोड मात्र कळतो.

रंगूनचा नाला

खरा दणका रंगूनला बसला. बर्मा तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातच होता. १३ मे ला ती कलकत्त्याहून निघाली. धो धो पाऊस. रंगूनच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर उतरायचं ठरलं होतं, पण पावसात ते तिला सापडलं नाही. इन्सीन इथं एक मोकळं मैदान दिसलं. सरकारी तंत्रशिक्षण संस्थेचं ते खेळाचं मैदान होतं. तिनं विमान टेकवलं. टेकलं चांगलं. पण ओल्या गवतावर ते घसरत गेलं आणि मैदानाच्या कडेच्या नाल्यात घुसलं. चाकांचा सांगाडा मोडला, पंखा तुटला, एक पंख फाटला.

इथं थोडं थांबून चाकांचं गणित समजून घेऊ, कारण पुढं तिच्या आयुष्यात हेच पुन्हा पुन्हा येतं.

विमान उतरताना सगळं वजन आधी चाकांवर येतं आणि तेही धक्क्यानं. भरलेली बंडी धुऱ्यावरून खाली आदळली तर आख मोडतो, तसं. एक चाक मोडलं की विमान त्या बाजूला कलतं, पंखाचं टोक जमिनीला लागतं आणि त्या टोकाभोवती विमान गर्रकन फिरतं. दोन्ही चाकं रुतली तर ते नाकावर उभं राहतं, कधी पालथं होतं. म्हणून नांगरलेलं शेत वरून मऊ आणि चांगलं दिसलं तरी चाकाच्या विमानाला ते धोक्याचं. टणक आखर असेल तर ते बरं.

हवेत असतानाच कळलं की चाक गेलंय, तर वैमानिक घाई करत नाही. विमान अजून उडतंय, म्हणजे वेळ हातात आहे. जमिनीवरच्या माणसांना खालून बघून सांगायला लावतात की चाक नेमकं कसं आहे. जास्तीचं पेट्रोल फिरून फिरून जाळतात, म्हणजे वजनही कमी आणि आगीची भीतीही कमी. पण शेवटच्या थेंबापर्यंत नाही. एकदा चुकलं तर पुन्हा वर जायला थोडं ठेवावंच लागतं. मग लांब, सपाट जागा बघायची. वारा समोरून घ्यायचा, म्हणजे जमिनीवरचा वेग आपोआप कमी होतो. पट्टे घट्ट आवळायचे.

एकच चाक खराब असेल तर चांगल्या चाकावर हळू टेकायचं आणि खराब बाजूचा पंख जितका वेळ वर धरून ठेवता येईल तितका धरायचा. वेग जसा कमी होतो तसा पंखातला जोर संपतो आणि ती बाजू हळूच खाली बसते. तोवर वेग इतका कमी झालेला असतो की नुकसान पंखाच्या टोकावर भागतं. विमान खराब बाजूला वळणार हे धरून त्या बाजूला जागा मोकळी सोडायची. टेकायच्या सुमारास पेट्रोल बंद, इंजिनाचा स्विच बंद. आत-बाहेर होणारी चाकं असतील आणि अर्धवट अडकली असतील, तर साधारणपणे ती सगळी वर घेऊन सरळ पोटावर उतरणं बरं मानतात. अर्धं उघडलेलं चाक दगा देतं. माणूस वाचला पाहिजे, यंत्र नंतर दुरुस्त होतं, हा या सगळ्यामागचा हिशेब.

रंगूनला अ‍ॅमी वाचली होती आणि यंत्र दुरुस्त करायचं होतं. तिथंच हँगरमधले ते सगळे दिवस कामी आले. पंख्याचं एक जादा पातं तिनं लंडनहूनच विमानाला बाहेरून बांधून आणलं होतं. इतका लांबचा विचार करणारी बाई. तंत्रशाळेच्या कारखान्यात मास्तर आणि विद्यार्थी कामाला लागले. चाकांचे वाकलेले दांडे सरळ झाले, मोडलेले नवीन घडले. पंखावर ताणायला कापड कुठून आणायचं? तर पहिल्या महायुद्धानंतर उरलेलं विमानाचं कापड कधीतरी बाजारात विकलं गेलं होतं आणि त्याचे शर्ट शिवले गेले होते. ते शर्ट गोळा केले, उसवले आणि पंखाला ठिगळ लावलं. कापड ताठ करणारा रोगण तिथल्या औषधवाल्याकडून बनवून घेतला. काय करायचं ते ही सांगत होती, आणि स्वतः हातानं करतही होती.

यात तीन दिवस गेले. तिच्या आधी बर्ट हिंकलर नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकानं हा प्रवास साडेपंधरा दिवसांत केला होता. कराचीपर्यंत ती त्याच्या दोन दिवस पुढं होती. ती आघाडी रंगूनच्या नाल्यात गेली. विक्रम हुकला, असं पुस्तकात एका ओळीत लिहितात. मला वाटतं ते तीन दिवसच तिच्या सगळ्या प्रवासातले सगळ्यात मोठे.

१६ मे ला ती रंगूनहून निघाली. पुढं बँकॉक, सिंगापूर. जावा बेटावर एका उसाच्या मळ्यात उतरावं लागलं तर तिथं रोवलेल्या बांबूच्या खुंट्यांनी पंखाच्या खालच्या कापडाला भोकं पाडली. तिनं जखमेवर लावायची चिकटपट्टी काढली आणि भोकांवर चिकटवली. पुढं तिमोर बेटाजवळ एक दिवस तिचा पत्ताच लागेना, जगभर काळजी लागली. २४ मे १९३० ला ती ऑस्ट्रेलियात डार्विनला उतरली. साडेएकोणीस दिवस, सुमारे अकरा हजार मैल. एकटीनं तिथंवर जाणारी पहिली बाई. वय २६.

गंमत अशी की इतकं सगळं करून काही दिवसांनी ब्रिस्बेनला हजारो लोकांसमोर उतरताना विमान मैदानाबाहेर गेलं आणि पालथं झालं. तिला फारसं लागलं नाही. लोकांनी तरीही मिरवणूक काढली. एका वर्तमानपत्रानं दहा हजार पौंड दिले, राजानं पदवी दिली.

आपल्या प्रांतात

१९३२ मध्ये तिनं जिम मॉलिसन या स्कॉटलंडच्या वैमानिकाशी लग्न केलं. तोही नावाजलेला. त्याच वर्षी तिनं लंडन ते केपटाउन हा नवऱ्याचाच विक्रम मोडला. घरात त्यावर काय बोलणं झालं असेल ते झालं असेल.

मग दोघांनी मिळून अटलांटिक महासागर ओलांडायचं ठरवलं. जून १९३३ मध्ये क्रॉयडनहून निघताना पेट्रोलनं ठासून भरलेलं विमान जमीन सोडायच्या आधीच बसलं. चाकांचा सांगाडा मोडला. एवढं पेट्रोल आणि आग लागली नाही, हे नशीब. जुलैत पुन्हा निघाले, या वेळी वेल्समधल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या लांबलचक टणक वाळूवरून. ३९ तास उडून अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोचले. न्यूयॉर्क थोडंच पुढं होतं. पण रात्र झालेली, दोघं थकलेली, पेट्रोल संपत आलेलं. ब्रिजपोर्ट या गावच्या मैदानावर उतरताना वारा पाठीमागून होता. विमान मैदान संपून दलदलीत गेलं आणि उलटलं. दोघं जखमी झाले. समोरून वारा घ्यायचा म्हणजे काय, ते इथं कळतं. लोकांनी आठवण म्हणून विमानाचे तुकडे तोडून नेले.

ऑक्टोबर १९३४ मध्ये इंग्लंड ते मेलबर्न अशी मोठी शर्यत झाली. हे दोघं कॉमेट नावाच्या नव्या, वेगवान विमानात होते. त्याची चाकं आत ओढून घ्यायची सोय होती, पण ती हातानं चाक फिरवून. कराचीपर्यंत हे सगळ्यांच्या पुढं. कराचीहून निघाले आणि चाकं वर जाईनात. परत फिरावं लागलं. पहाटे पुन्हा निघाले ते वाट चुकले आणि शेवटी जबलपूरला उतरले.

जबलपूर तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होतं. नागपूर राजधानी. आपला चांदा जिल्हा त्याच प्रांतातला, आणि गडचिरोली, अहेरी, सिरोंचा हा सगळा भाग तेव्हा चांद्यातच. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. तर अशा आपल्या प्रांतात जगातलं एक सगळ्यात वेगवान विमान उभं होतं आणि त्याला लागणारं चांगल्या प्रतीचं पेट्रोल तिथं नव्हतं. मग मोटारबसवाल्यांचं साधं पेट्रोल भरलं. नाजूक इंजिनाला ते सोसलं नाही. उडाल्यावर एक पिस्टन अडकला. एका इंजिनावर कसंबसं अलाहाबादला पोचले आणि तिथं शर्यत सोडून दिली. चाकांची अडचण कराचीला झाली नसती, तर कदाचित वाट चुकायची आणि जबलपूरला यायची वेळ आली नसती. आणि त्याच बनावटीच्या दुसऱ्या कॉमेटनं ती शर्यत जिंकली.

एप्रिल १९३६ मध्ये ती पुन्हा एकटी केपटाउनला निघाली. अल्जीरियात कोलों-बेशार इथं उडताना विमान वळलं आणि चाकांचा सांगाडा गेला. तिनं ते विमान दुरुस्त करून घेतलं आणि महिन्याभरात पुन्हा निघून विक्रम केला. त्या काळात ती ब्रिटनच्या महिला अभियंत्यांच्या संस्थेची अध्यक्षही होती. इकडं त्याच वर्षी लाहोरला सरला ठकराल साडी नेसून जिप्सी मॉथ चालवत होत्या.

१९३८ मध्ये मॉलिसनशी काडीमोड झाला. वैमानिक म्हणून नोकरी मिळणं बाईला अवघडच होतं. विक्रम करणाऱ्या बाईलासुद्धा.

टेम्सच्या मुखावर

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये ती हवाई वाहतुकीच्या सहायक दलात दाखल झाली. कारखान्यातून निघालेली, दुरुस्त झालेली विमानं हवाई दलाच्या तळांवर पोचवायची, हे त्या दलाचं काम. बायकाही तिथं पुष्कळ होत्या. अ‍ॅमी इतरांसारखीच रोजची ड्युटी करायची.

५ जानेवारी १९४१ ला ती ब्लॅकपूलहून एक दोन इंजिनांचं ऑक्सफर्ड विमान घेऊन ऑक्सफर्डजवळच्या तळाकडं निघाली. तासाभराचं काम. हवा वाईट, खाली सगळीकडं ढग. काही तासांनी ते विमान वाटेपासून कितीतरी दूर, टेम्स नदी समुद्राला मिळते तिथं दिसलं. पेट्रोल संपत आलं असावं असं मानतात. नेमकं काय घडलं यावर आजही वाद आहेत. ढगांखाली जमीन आहे की पाणी हे तिला वरून कळायला मार्ग नव्हता. चाकं शाबूत असूनही त्यांचा उपयोग नव्हता. तिनं पॅराशूट घेऊन उडी मारली आणि ती बर्फासारख्या पाण्यात पडली.

जवळच हॅसलमेअर हे नौदलाचं जहाज होतं. त्यावरचे अधिकारी वॉल्टर फ्लेचर तिला वाचवायला पाण्यात उतरले. त्यांना बाहेर काढलं, पण थंडीनं ते वारले. अ‍ॅमीचा देह मिळाला नाही. ती ३७ वर्षांची होती. तिचं जेसन मात्र टिकलं. ते आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.